डावीकडचा फॉल्ट

गुरुवार, ६ नोव्हेंबर

पाय ब्रेकवर होता की ॲक्सिलरेटरवर — हे मला विचारतात! मला! बेचाळीस वर्षं गाडी चालवतोय, कुणाला ओरखडा नाही काढला. पाय जिथे असायला हवा होता तिथेच होता.

आजच लिहून ठेवतो. नाहीतर दोन दिवसांनी ही मंडळी मलाच पटवून देतील की मी डुलक्या काढत होतो.

सकाळी अक्काकडे निघालो, दर गुरुवारी निघतो तसाच. अक्का म्हणजे माझी थोरली बहीण, वय शहाऐंशी. तलावाच्या पलीकडे वृद्धाश्रमात असते. तिला गाडीत बसवायचं आणि तलावाला एक चक्कर मारून आणायची, आठवड्यातून एवढंच तिचं बाहेर पडणं. तिकडे बस जात नाही. परक्याच्या गाडीत ती पाय ठेवत नाही. माझ्या गाडीची पुढची सीट तिच्या खुब्याला बरोबर बसते म्हणते.

रस्ता ओला, भुरभुर चालू. चढ चढून डावीकडे वळलो आणि ऐन वळणात गाडीतला जीवच गेला. समोर पिवळा दिवा लुकलुकायला लागला, तो घसरणाऱ्या गाडीच्या चित्राचा. ॲक्सिलरेटर दाबतोय, दाबतोय, इंजिन ढिम्म! मागून एक ट्रक. मी आणखी दाबला. तेवढ्यात गाडीला जाग आली, आणि अशी काही उसळली की सरळ डावीकडच्या फूटपाथवर. फुलवाल्याचा स्टँड आडवा, बादल्या रस्त्यावर, सगळीकडे झेंडूच झेंडू. कुणाला लागलं नाही. गाडीच्या डाव्या बाजूला पोचा.

गाडी खोटं वागली. मी नाही.


शुक्रवार, ७ नोव्हेंबर

चिरंजीव आले. दातांचे डॉक्टर आहेत ते. दाढ काढतात तशी माझ्या किल्लीच्या जुडग्यातून गाडीची चावी काढली. आधी गोड बोलणं, मग एकदम हिसका.

"बाबा, तुम्ही चौऱ्याहत्तर वर्षांचे आहात."

"मला माहितीये. तुझ्या आधीपासून मोजतोय."

"पाय चुकला असेल हो. होतं असं."

होतं असं! अंगाचा नुसता तिळपापड झाला. हीसुद्धा गप्प बसून राहिली. बायकोनं नवऱ्याची बाजू घेऊ नये? चहाचा कप उचलायला गेलो तर कोपरानं तोच खाली पाडला. "पाहिलंत?" असं चिरंजीवांच्या चेहऱ्यावर स्पष्ट लिहिलेलं. कप असा टेबलाच्या डाव्या टोकाला कुणी ठेवतं का!


शनिवार, ८ नोव्हेंबर

कुणाशी बोललो नाही. त्यांनाही काही फरक पडलेला दिसला नाही.


रविवार, ९ नोव्हेंबर

फुलवाल्याची माफी मागायला गेलो. माणूस चांगला आहे, चिडला नव्हता. पण एक वाक्य बोलला ते डोक्यातून जात नाही. "आजोबा, मी तिथेच उभा होतो. दोन्ही हात वर करून ओरडत होतो. तुम्ही माझ्याकडे बघितलंत आणि तसेच आलात."

साफ खोटं. तिथे कुणी उभं नव्हतं. असता तर दिसला असता.

घरी आल्यावर स्वैपाकघराच्या दाराच्या चौकटीवर खांदा आपटला. परत तोच, डावा. ही म्हणते, "अहो, दार काय आज नवीन बसवलंय?" घर लहान झालंय की मी रुंद झालोय, कळत नाही.


सोमवार, १० नोव्हेंबर

ठरवलं! रडत बसणार नाही. मी टेलिफोन एक्सचेंजमध्ये तेहतीस वर्षं फॉल्ट काढले. अख्ख्या पेठेचे फोन मुके झाले की मला बोलावत. एकही फॉल्ट "होतं असं" म्हणून सोडून दिला नाही. ही तर एक गाडी आहे! ती खोटी वागली हे पुराव्यानिशी चिरंजीवांच्या हातात ठेवीन आणि चावी सन्मानानं परत घेईन.

गाडी गॅरेजमध्ये आहे, पोच्यासाठी. गॅरेजवाल्याला सगळे सायलेन्सर म्हणतात. त्याचं तोंड कधी बंद नसतं म्हणून लोकांनी उलटं नाव ठेवलंय. त्याला म्हटलं, तुझं ते स्कॅनर लाव. त्यानं लावलं. स्क्रीनवर आलं: पुढचं डावं चाक, वेगाचा सेन्सर, सिग्नल पटत नाही.

"म्हणजे काय रे?"

"म्हणजे काका, प्रत्येक चाकाशी एक सेन्सर असतो. तो गाडीला सांगतो, मी एवढ्या वेगानं फिरतोय. आता हे डावं चाक मध्येच काहीतरी थाप मारतंय. गाडीला वाटतं चाक घसरलं. मग ती इंजिनाचा जोर काढून घेते. ट्रॅक्शन कंट्रोल म्हणतात याला."

"मग त्या दिवशी चढावर हेच झालं!"

"झालंही असेल. नसेलही. हे स्कॅनर कधी कधी उगाचच कुरकुरतं. काका, खरं सांगा, पाय..."

त्याला वाक्य पुरं करू दिलं नाही. पण येताना शीळ घालत आलो. थाप मारणारी लाइन सापडलीय! आता ती कुठे तुटलीय एवढंच शोधायचं. टेलिफोनमध्ये फॉल्टच्या तीनच जागा. फोन, तार, नाहीतर एक्सचेंज. एकेक तपासायची आणि बाद करायची. निम्मं काम तर आजच झालं.


मंगळवार, ११ नोव्हेंबर

माझा जुना मीटर काढला. धूळ पुसली, नवा सेल घातला. सायलेन्सरच्या अंगणात चटई टाकून चाकापाशी बसलो. गुडघ्यांनी शिव्या दिल्या.

सेन्सर म्हणजे आत बारीक तारेचं वेटोळं. त्याचा रोध मोजायचा. उजव्याचा आधी मोजला, ही शेजारी बसून आकडे वाचून लिहीत होती: १२१०. उत्तम. मग ही पाणी आणायला उठली, डाव्याचा मी एकट्यानं मोजला.

१८०!!

पुन्हा मोजला. १८०. वेटोळं आतून चिकटलंय, अर्धमेलं झालंय! पंधरा मिनिटांत निकाल! सायलेन्सरला ओरडून सांगितलं, नवा सेन्सर मागव. तो म्हणाला, "काका, तुम्ही तर जादूगार निघालात." मीही नाही म्हटलं नाही.

घरी येऊन स्वैपाकघरातल्या आकड्यांच्या घड्याळात पाहतो तर दोन वीस आणि जेवणाचा पत्ता नाही. हिच्यावर ओरडलो. ही म्हणते, "बारा वाजून वीस मिनिटं झालीत. भूक लागली तर तसं सांगा." घड्याळाचा पहिला आकडा उडालेला दिसतोय. त्याचाही सेल बदलून टाकला.


बुधवार, १२ नोव्हेंबर

जेवताना भांडण. मी म्हटलं, भाजी का नाही वाढलीस? ही माझ्याकडे बघतच राहिली. मग माझं ताट अर्धं फिरवलं. भाजी होती. "लक्ष कुठे असतं तुमचं? सेन्सरमध्ये?"

आता खरंच लक्ष तिथेच आहे, त्याला काय करणार.


गुरुवार, १३ नोव्हेंबर

गुरुवार. गेलो नाही.

अक्काचा फोन. "बाळ्या, मी स्वेटर घालून बसलेय रे."

म्हटलं, पुढच्या गुरुवारी नक्की. फोन ठेवला.


शुक्रवार, १४ नोव्हेंबर

माझा पोपट झाला. अगदी हिरवागार.

नवा सेन्सर बसवला. सायलेन्सरनं गाडी अंगणात दोन चकरा फिरवली. तिसऱ्या चकरेला पिवळा दिवा, लुकलुक लुकलुक! "काका, सेन्सर नवा, दिवा जुनाच." त्याचे दोन कामगार पाने हातात घेऊन हसत होते. एक जण म्हणाला, "काकांचा मीटर पण रिटायर झालाय." सगळ्यांत मोठ्यानं सायलेन्सर हसला.

आणि नेमके तेव्हाच चिरंजीव तिथे टपकले. त्यांनी सगळं ऐकलं. मला बाजूला घेऊन म्हणाले, "बाबा, बस झालं आता. रविवार, तेवीस तारखेला एक जण गाडी बघायला येतोय. विकून टाकू."

"आणि अक्का?"

"आत्याला मी महिन्यातून एकदा नेत जाईन."

महिन्यातून एकदा! शहाऐंशी वर्षांच्या बाईला महिन्याचा वायदा करतो हा.

नऊ दिवस आहेत माझ्याकडे.


शनिवार, १५ नोव्हेंबर

गाडीतून काढलेला जुना सेन्सर हिनं स्वैपाकघराच्या टेबलावर मांडला, माझा मीटर लावला आणि चष्मा नाकावर घेऊन वाचलं, "अकराशे ऐंशी."

"एकशे ऐंशी."

"अहो, अकराशे! हा बघा, पुढे एक आहे."

बघितलं. होता. डोकं तिरकं केल्यावर दिसला. म्हणजे सेन्सर पहिल्यापासून ठणठणीत होता! चांगला सेन्सर काढून चांगला सेन्सर बसवला! तेहतीस वर्षांत असा गाढवपणा केला नव्हता. स्क्रीनच फालतू, आकडे फिके. हिला म्हटलं, आजपासून मीटर तू वाचायचा, मी फक्त विचार करणार.

"आणि गाडी कोण चालवणार? तुम्हाला तर चावी नाही." हे ती अगदी सहज बोलली, कणीक मळता मळता.


सोमवार, १७ नोव्हेंबर

ही चालवणार!

तर झालं असं. फॉल्ट नेमका कुठल्या वेगाला येतो ते पाहायचं होतं, म्हणजे एकानं चालवायला हवं आणि एकानं सायलेन्सरचं स्कॅनर घेऊन शेजारी बसायला हवं. चिरंजीव मला चावी देणार नाहीत. आईला मात्र लगेच दिली! ही नर्स होती. अकरा वर्षं खेड्यापाड्यांत दवाखान्याची जीप चालवली तिनं, चिखलात, रात्रीबेरात्री. निवृत्तीनंतर गाडीला हात लावला नाही. का? तर मीच लावू दिला नाही. एका घरात दोन ड्रायव्हर झाले की भांडणं होतात असं मी म्हणायचो. हे आज लिहिताना जरा कसंसंच वाटलं.

हिनं सीट पुढे घेतली, आरसा खाली केला, माझ्या आरशाचं वाट्टोळं केलं, आणि निघालो. हात कसा! गिअर असे पडत होते की लोण्यातून सुरी. मी तोंड उघडणार होतो सूचना द्यायला, पण सूचना करण्यासारखं काही सापडेना.

एका ठिकाणी करकचून ब्रेक. "काय झालं?" "सायकलवाला! डावीकडून आडवा आला, दिसला नाही?" मी कसा बघणार, मांडीवर स्कॅनर होता.

पण कामाचं सांगतो. तिला म्हटलं, हळू, अगदी हळू, मग थोडा जोर. ही वेग मोठ्यानं सांगत होती. दहा, बारा, चौदा — लुकलुक! पुन्हा. चौदा — लुकलुक! चाळीसच्या वेगाला काही नाही. फक्त हळू चालताना, वळताना, चढताना. अगदी त्या दिवशीसारखं. पाच वेळा केलं, पाचही वेळा तेच.

म्हणजे फोन, म्हणजे सेन्सर, ठीक. तारा काल ओढून, वाकवून, हिच्याकडून वाचून घेतल्या, त्याही ठीक. एक्सचेंज, म्हणजे गाडीचा संगणक, बाकीची तीन चाकं नीट ऐकतो, तोही बाद. उरलं काय? ज्याच्याकडे बघून सेन्सर आकडा सांगतो ते. ते काय असतं उद्या विचारतो.


मंगळवार, १८ नोव्हेंबर

सापडला सापडला सापडला!!!

सायलेन्सरनं सांगितलं, चाकाच्या एक्सलवर दातेरी रिंग असते. चाक फिरलं की दाते सेन्सरसमोरून जातात, प्रत्येक दात्याला सेन्सर एक बारीक विजेचा हेलकावा देतो. माझ्या डोक्यात दिवा लागला, पिवळा नव्हे, चांगला! विजेचा हेलकावा म्हणजे आवाज! आवाज मला ऐकता येतो!

घरी धावलो (धावलो म्हणजे चाललो). माळ्यावरून ट्रंक काढली. तळाशी एक्सचेंजमधली माझी तपासायची डबी, बॅटरीवरची, कानाला लावायच्या रिसिव्हरसकट. शंभर तारांच्या जुडग्यातून आपली तार आम्ही आवाजानं ओळखायचो त्यातली. ही म्हणाली, "ती भंगारात दिली नाही अजून?" नाही दिली! म्हणून तर!

गाडी जॅकवर, खाली लाकडी ठोकळे, गिअर मोकळा. डबीच्या दोन तारा सेन्सरला जोडल्या. हिला म्हटलं, फिरव चाक हातानं. रिसिव्हर कानाला. डोळे मिटले.

घूंऽऽऽ

भुंगा खोलीत शिरल्यासारखा. घूंऽऽऽ — टक! — घूंऽऽऽ — टक!

दर फेऱ्याला एकदा. एकाच जागी. टक!

 चाकाला खडूनं खूण केली. "आता हळू." टक झालं की खूण बरोबर खाली. प्रत्येक वेळी! मग उजवं चाक उचललं, तारा तिकडे लावल्या. घूंऽऽऽऽऽ, एकसारखा, गाण्याच्या मागे तंबोरा असतो तसा. टक नाही. पुन्हा डावं. टक!

सायलेन्सर आला, कंबरेवर हात. "काका, कानाचं पण तपासून घ्या एकदा." रिसिव्हर त्याच्या कानाला लावला. ही चाक फिरवत होती. त्याचं तोंड बंद झालं! खरोखर बंद! त्याच्या दोन्ही कामगारांनी ते पाहिलं. एकानं हातातला पाना खाली ठेवला.

"काका," तो म्हणाला, "रिंग फुटलीय."

"उद्या उघड. माझ्यासमोर."


बुधवार, १९ नोव्हेंबर

उघडली. एक्सल बाहेर काढला, रिंग पुसली. रिंगेखाली गंज चढत गेलेला. गंजानं ती आतून ताणली आणि एका जागी फटकन फाटली. फट किती? माझ्या नखाएवढी! दोन दात्यांमधली जागा तिथे जास्त झाली. दर फेऱ्याला गाडीला वाटायचं, हे चाक एकदम घसरलं. इंजिनाचा गळा धरायची. मग सोडायची. आणि मी सगळा जोर लावून ॲक्सिलरेटरवर उभा — म्हणून उसळली, म्हणून फूटपाथ!

सायलेन्सरनं फुटकी रिंग फडक्यात गुंडाळून मला दिली. "काका, अठरा वर्षं गॅरेज चालवतोय. टेलिफोन लावून फॉल्ट काढलेला पहिल्यांदा पाहिला."

एक कामगार म्हणाला, "काकांचा मीटर रिटायर झाला, काका नाहीत." मी त्याला माफ केलं.

घरी हिनं रिंग हातात घेऊन खिडकीपाशी फिरवून फिरवून पाहिली. मग म्हणाली, "मला वाटलं होतं तुमचाच पाय चुकला." आणि रडली. कित्येक वर्षांत पहिल्यांदा माझ्यापुढे रडली ती. म्हटलं, "अगं वेडी का तू, मलाही मधूनमधून तसंच वाटत होतं."

हे आजवर इथेसुद्धा लिहिलं नव्हतं.


गुरुवार, २० नोव्हेंबर

नवी रिंग अजून यायचीय. अक्काला फोन करून टकची सगळी गोष्ट सांगितली. तिला काही कळलं नाही, पण खूप हसली. "लहानपणी तू बाबांचा रेडिओ उघडून बसायचास, तसंच हे."


शुक्रवार, २१ नोव्हेंबर

रिंग आली. तापवून बसवावी लागते, थंड झाली की घट्ट धरते. गाडीची जोडणी झाल्यावर डबी लावली, कानाला रिसिव्हर. घूंऽऽऽऽऽ. दोन मिनिटं तसाच बसून राहिलो. गॅरेजमधल्या कुणीही घाई केली नाही.


शनिवार, २२ नोव्हेंबर

आज माझा दिवस!

चिरंजीवांना मागच्या सीटवर बसवलं. ही स्टिअरिंगवर. मी पुढे, मांडीवर फडक्यात फुटकी रिंग. कालपासून पाऊस, रस्ता त्या दिवशीसारखाच ओला. तोच चढ, तेच वळण, फुलवाल्याचा तोच स्टँड. म्हटलं, हळू घे, वळणात जोर दे. हिनं दिला. गाडी अशी चढली की मांजर भिंतीवर चढावं. दिवा नाही. पुन्हा फिरून आलो. दिवा नाही. तिसऱ्यांदा! फुलवाला हात हलवायला लागला, आम्ही काय करतोय ते त्याला कळेना.

गाडी कडेला घ्यायला लावली. रिंग उलगडून चिरंजीवांच्या हातात दिली. "ही बघ कीड. तू दातांत शोधतोस तशीच. वरून दात चांगला, आत पोखरलेला."

त्यानं फटीवरून नख फिरवलं. रिंग उजेडात धरली. मग म्हणाला, "बाबा, चुकलो." दातांचा डॉक्टर चुकलो म्हणाला! त्यानं खिशातून दुसरी चावी काढली आणि दोन्ही हातांनी मला दिली. उद्याच्या गिऱ्हाइकाला तिथूनच फोन करून नको म्हणून सांगितलं.

चावी शर्टाच्या वरच्या खिशात आहे. चालताना वाजते. मुद्दाम दोनदा बाजारात जाऊन आलो, पायीच.


रविवार, २३ नोव्हेंबर

एक्सचेंजमध्ये आमची शिस्त होती. फॉल्ट निघाला की त्याचा अहवाल लिहायचा, एक पान. तक्रार काय, कारण काय, आणि मधे आपण कुठे चुकलो. तिसरा रकाना रिकामा ठेवला तर साहेब पान परत पाठवायचे. "फॉल्ट काढताना न चुकलेला माणूस मी अजून पाहिला नाही," म्हणायचे.

म्हटलं, चिरंजीवांना तसा रीतसर अहवाल देऊ, फाइल करून ठेवू दे. या वहीतून उतरवून घेत होतो. तक्रार लिहिली. कारण लिहिलं, झोकात, खाली रेघ मारून. तिसऱ्या रकान्यात लिहिलं: "सेन्सरचा रोध ११८० ऐवजी १८० वाचला. कारण:"

तिथे अडकलो. स्क्रीन फिका होता असं लिहिणार होतो. मीटर आणून बघितला. आकडे चांगले ठळक आहेत. चौदा तारखेला हसणाऱ्या त्या कामगारालाही लांबून वाचता आले असते.

स्वैपाकघरातल्या घड्याळालाही काही झालेलं नव्हतं. परत मागची पानं चाळली. मग पहिल्यापासून सगळीच वाचून काढली, हळू हळू, बोट ठेवून.


सोमवार, २४ नोव्हेंबर

हिला चमचा घेऊन समोर उभी राहा म्हटलं. का ते विचारू नकोस म्हटलं.


गुरुवार, २७ नोव्हेंबर

कप डावीकडे होता. दाराची चौकट डावी. भाजी ताटात डावीकडे, सायकलवाला डावीकडून, आकड्यांतला पहिला आकडा डावीकडचा. हिनं चमचा उजवीकडून आणला, लगेच दिसला. डावीकडून आणला तर नाकासमोर येईपर्यंत नाही. एक डोळा झाकून पाहिलं, मग दुसरा. दोन्हींत तेच. दोन फोन एकदम मुके झाले तर बिघाड फोनमध्ये नसतो, मागच्या तारेत असतो. म्हणून डोळ्यांच्या डॉक्टरकडे गेलोच नाही, सरळ मेंदूच्या डॉक्टरकडे गेलो. मेंदूत बारीकशी गुठळी, महिन्याभरापूर्वीची. दोन दिवस ठेवून घेतलं, औषध सुरू केलं, आज सकाळी सोडलं. "पुढची मोठी आली असती, वेळेत आलात," डॉक्टर म्हणाले. "हे लक्षात कुणाच्या आलं?" म्हटलं, माझ्या.

फुलवाला खरं बोलत होता. मी त्याच्याकडे बघत होतो आणि तो मला दिसत नव्हता.

अहवाल पुरा केला. कारणं दोन. एक, रिंग. दोन, चालक. सही केली आणि चावी हिच्या हातात ठेवली.

दुपारी अक्काकडे गेलो. तिला पुढे बसवलं, मी मागे. हिनं तलावाला दोन चकरा मारल्या. अक्का म्हणाली, "बाळ्या, तुझ्यापेक्षा बरी चालवते रे ही!" मी डोळे मिटून पुढच्या डाव्या चाकाचा आवाज ऐकत होतो. एकसारखा होता.